गप्प राहण्याची किंमत कोण मोजतं?

आस्थावान : नेता कसा असावा असं कुणी विचारलं, की मी सभा गाजवणाऱ्यांची नावं घेत नाही. मी धोंडो केशव कर्व्यांचं, अण्णांचं नाव घेतो. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, आजीव सदस्य म्हणून महिना 75 रुपयांत भागवायचं आणि तास संपले की हिंगण्याची वाट धरायची. 1900 साली त्यांचा विधवांसाठीचा आश्रम तिथे गेला तेव्हा तो नुसता माळ होता. एक झोपडी आणि तीत शिकायला आलेल्या विधवा मुली. पावसाळ्यात रस्ता म्हणजे गुडघाभर चिखल. चाळिशी ओलांडलेला प्रोफेसर धोतर वर खोचून, आश्रमाचं लागेल ते सामान घेऊन तो रस्ता पायी तुडवायचा आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या तासाला वेळेवर हजर असायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. त्या झोपडीतून पुढे शाळा झाली, 1916 साली महिला विद्यापीठ झालं. ठाकरसींनी 1920 मध्ये पंधरा लाख दिले, तेव्हा विद्यापीठाला देणगीदाराच्या आईचं नाव लागलं. स्वतःचं नाव कुठे लागावं याची अण्णांना फिकीर नव्हती. माणसाचं चारित्र्य आणि त्याचं नेतृत्व अशा दोन वेगळ्या गोष्टी तिथे दिसतच नाहीत. आयुष्य सार्थकी लागणं म्हणतात ते याला.

संशयी : चिखल तुडवण्याबद्दल मला आदरच आहे. पण चिकाटी बघून डोळे भरून आले की माणूस कुठे चालला होता हे विचारायचं राहून जातं. तेवढं विचारते. 1893 साली अण्णांनी स्वतः विधवेशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी. त्यांच्या गावच्या, मुरूडच्या गावकीनं बहिष्कार घातला, म्हाताऱ्या आईला त्याची झळ लागली. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहासाठी मंडळी काढली. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. मग 1896 साली आश्रम निघतो आणि अण्णा जाहीर करतात की पुनर्विवाह हा या संस्थेचा उद्देश नाही. कुणाला शंका येऊ नये म्हणून विवाहमंडळीचं चिटणीसपदही सोडतात. म्हणजे विधवेला नव्यानं संसार मांडता येतो हे ज्यानं स्वतःच्या घरात करून दाखवलं, तोच आश्रमातल्या मुलींपुढे त्या विषयावर गप्प बसला. हे धोरण म्हणून मला समजतं. पण चारित्र्याचा नमुना म्हणून तुम्ही तेच पुढे करता, तेव्हा माझी गाडी अडते.

आस्थावान : गाडी अडते, कारण तुम्ही आजच्या काळात उभ्या राहून बोलता आहात. 1896 सालच्या एखाद्या बापाच्या जागी जाऊन बघा. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, केशवपन झालेली, घराच्या मागच्या खोलीत. तिला पुण्याला पाठवायची तर भाऊबंद विचारणार, तिथे तिचं दुसरं लग्न लावतात म्हणे? या एका प्रश्नावर तो बाप माघारी फिरला असता आणि मुलगी जन्मभर त्याच खोलीत राहिली असती. अण्णांनी हिशोब केला. आधी तिला अक्षर येऊ दे, चार पैसे मिळवू दे, मग लग्न करायचं की नाही हे तिचं ती ठरवील. आणि हे नुसतं सांगण्यापुरतं राहिलं नाही. अण्णांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले घ्या. तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी मूल, लिहायला-वाचायला शिकल्या त्या मोठेपणी. पुढे संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या आणि त्यासाठी थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. पुनर्विवाहाच्या वाटेला त्या गेल्या नाहीत, तरी त्यांचं आयुष्य त्यांच्या हातात आलं. लोकांच्या फार पुढे धावलं तर लोक मागेच राहतात. चार पावलं पुढे राहून मागे वळून बघत चालणं, यालाच मी नेतृत्व म्हणतो.

संशयी : पार्वतीबाईंचं नाव तुम्ही घेणारच. संस्था आपल्या यशाची नावं जपून ठेवतात, अहवालात छापतात. पण त्याच आश्रमात सतराव्या वर्षी जिला पुन्हा संसार हवासा वाटला असेल आणि ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती, तिचं नाव कुठल्या अहवालात आहे? माझं म्हणणं तडजोडीविरुद्ध नाही. तडजोड करणाऱ्यानं किंमत स्वतः मोजली की दुसऱ्याला मोजायला लावली, एवढंच मी बघते. अण्णांनी बहिष्कार सोसला, पैसा दिला, पाय झिजवले, ती सगळी किंमत त्यांनी स्वतः मोजली. पुनर्विवाहाबद्दलच्या मौनाची किंमत मात्र मुलींनी मोजली. अण्णांचं स्वतःचं लग्न तर आधीच झालेलं होतं.

आणि याचा पडताळा बघायचा तर लांब जायला नको, त्यांच्याच घरात बघा. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे र. धों. 1899 साली मॅट्रिकला पहिला आला, बापासारखाच गणिताचा प्रोफेसर झाला. 1921 साली त्यानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं दवाखाना उघडला तेही त्याच वर्षी. कॉलेजनं सांगितलं, एक तर नोकरी नाहीतर हा प्रचार. 1925 साली नोकरी सोडली. 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. स्त्रीला कामेच्छा असते, मूल व्हावं की नाही हे तिनं ठरवावं, हे त्यानं आडपडदा न ठेवता लिहिलं. स्वतःला मूल नको हे ठरल्यावर शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली, बायकोवर, मालतीबाईंवर ढकलली नाही. बोलणं आणि वागणं यात तसूभर फरक नाही. तुमच्या निकषानंही चारित्र्य यालाच म्हणायला हवं.

आस्थावान : चारित्र्य निःसंशय. नेतृत्व मात्र मी म्हणणार नाही. वर्गणीदार मोजकेच, मासिक कायम तोट्यात. 1931 साली अश्लीलतेचा खटला, त्यात दंड. 1934 साली पुन्हा खटला. या वेळी वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. प्रसंग डोळ्यांपुढे आणा. वाचकांनी लैंगिक अडचणी विचारलेल्या, संपादकानं त्यांना छापून उत्तरं दिलेली आणि कोर्टाचा सवाल असा की असले प्रश्न छापायचेच कशाला. बाबासाहेबांनी बाजू मांडली ती या अर्थाची, की याला विकृती म्हणायचं असेल तर ती ज्ञानानंच जाईल, दुसरा उपाय नाही. यापेक्षा मोठा वकील आणि यापेक्षा नेमका युक्तिवाद कुणाला मिळायचा? तरी दोनशे रुपये दंड झाला. 1953 च्या ऑक्टोबरात र. धों. गेले आणि पाठोपाठ मासिक बंद पडलं. सव्वीस वर्षं एकहाती चालवलेलं काम त्यांच्याबरोबरच संपलं. मागे ना संस्था, ना कार्यकर्ते. मागून येणारं कुणीच नसेल, तर पुढे चाललेल्या माणसाला नेता कसं म्हणायचं?

संशयी : मागून येणारी डोकीच मोजायची असतील, तर सभा गाजवणाऱ्यांना तुम्ही सुरुवातीलाच का बाद केलंत? त्यांच्यामागे तर लाखो असतात. डोकी हा निकष अण्णांसाठी लावायचा नाही आणि र. धों.साठी लावायचा, हे चालणार नाही. शिवाय मागून कुणी आलंच नाही हेही खरं नाही. 1952 साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जगात कुठल्याही देशानं असा कार्यक्रम तोवर घेतला नव्हता. ज्या गोष्टीसाठी माणसाची नोकरी गेली, दंड झाला, ती गोष्ट त्याच्या हयातीत सरकारी धोरण झाली.

आस्थावान : इथे मात्र तुम्ही माझ्याच हातात काठी दिलीत. धोरण झालं, पण कसलं? र. धों.चं म्हणणं होतं की बाईला मोकळीक मिळावी. सरकारला लोकसंख्या कमी करायची होती. आणीबाणीत 1976 साली पुरुषांना धरून धरून नसबंदी केली. त्याचा एवढा धसका बसला की पुढे सगळा भार बायकांवर आला. 2019-21 ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. विवाहित बायकांपैकी सुमारे 38 टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. ज्या माणसानं स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्या विचाराचं हे रूप! असं होतं, कारण विचार पोरका राहिला. त्याला जपणारी, 'अहो, यांना हे म्हणायचं नव्हतं' असं सरकारला दटावून सांगणारी संस्था मागे नव्हती. अण्णांनी संस्था बांधायला साठ वर्षं घातली ती उगाच नाही.

संशयी : मुद्दा लागला. पण संस्था विचार जपते हे तुम्ही गृहीत धरताय. मग हेही ऐका. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. चांगलंच झालं. पण आश्रम निघाला 1896 साली. सव्वाशे वर्षं उलटून गेल्यावर महाराष्ट्रात बांगड्या फोडू नयेत असा ठराव करावा लागतो. तुमची संस्था शिक्षण देत राहिली, हजारो मुली शिकल्या, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या रूढीपायी आश्रम काढावा लागला, ती रूढी घराघरांत तशीच टिकली. कारण तिच्यावर थेट बोट ठेवायचं नाही हे सुरुवातीलाच ठरलं होतं. सुरुवातीची सोय म्हणून पाळलेलं मौन पुढे संस्थेचा स्वभाव होऊन बसतं. नंतर ते मोडायला संस्थेतलाच कुणी उठला, तर संस्थाच त्याला गप्प करते.

आस्थावान : एका आश्रमावर अख्ख्या महाराष्ट्राचा भार टाकताय. पण शेवटचं वाक्य मला बोचलं, कारण ते मी रोज बघतो. तुम्हाला माहीतच आहे, मी एका शिक्षणसंस्थेचा सचिव आहे. मुलींचं वसतिगृह आहे, बहुतेक जणी ऊसतोड कामगारांच्या, शेतमजुरांच्या. शिक्षण सुटलं की लग्न, हे ठरलेलं. आमच्या एका तरुण बाईंनी सुचवलं की आठवी ते दहावीच्या मुलींना शरीराबद्दल नीट शिकवू या. पाळीपुरतं नको, गर्भधारणा कशी होते, कशी टाळता येते, नको असलेला स्पर्श झाला तर काय करायचं, सगळंच. तीन पालक येऊन सांगून गेले, असलं शिकवणार असाल तर मुली घरी नेतो. घरी नेली म्हणजे वर्षभरात लग्न. आता मला सांगा, मी अण्णा व्हायचं की र. धों.? तरुण बाईंची बाजू घेतली तर तीन मुलींचं आयुष्य पणाला लागतं. गप्प बसलो तर उरलेल्या साठ जणींना जे कळायला हवं ते कळत नाही. माझ्या चारित्र्याची शोभा वाढावी म्हणून त्या तिघींना घरी पाठवणं मला जमणार नाही.

संशयी : तुमच्या चारित्र्याच्या शोभेसाठी करा असं मी म्हणतच नाही. उलट तुमच्या या प्रश्नानं माझ्याही म्हणण्यातलं भोक मला दिसलं. आत्तापर्यंत मी असं धरून चालले होते की मौनाची किंमत दुसरे मोजतात आणि स्पष्ट बोलण्याची बोलणारा स्वतः मोजतो. र. धों.ची नोकरी गेली, पैसा गेला, म्हणजे हिशोब चुकता. पण गिरगावातल्या चाळीत पाचव्या खेपेला दिवस गेलेली बाई डोळ्यांपुढे आणा. 'समाजस्वास्थ्य'च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे. तो अंक ती घरात आणू शकली असती? सासूसमोर उघडू शकली असती? ज्या बाईला ती माहिती सगळ्यांत जास्त हवी होती, तिच्यापर्यंतच ती पोचणं अवघड झालं. तेच चार पानांचं साधं पत्रक करून सुइणींच्या हाती दिलं असतं, तर कदाचित पोचलं असतं. म्हणजे स्पष्टवक्तेपणाचीही किंमत शेवटी तिनंच मोजली. हे मला आजवर सुचलं नव्हतं असं नाही. कबूल करायचं नव्हतं.

आस्थावान : मग हिशोब बरोबरीत सुटला म्हणायचा. घरच्यांचंही तसंच. आनंदीबाईंचं 'माझे पुराण' वाचलं की आश्रमाला जाणारा पैसा कुठल्या घरातून निघत होता आणि ते घर चालवण्याची ओढाताण कुणाच्या वाट्याला येत होती हे कळतं. मालतीबाईंनीही र. धों.च्या कामापायी कमी सोसलं नाही. आपण चरित्र लिहितो एकाचं आणि जगलेलं असतं दोघांनी. यातून मला तरी असं दिसतं की दोघं एकमेकांना पुरे करत होते. कोर्टात गाजलेली वाचकांची ती पत्रं आठवा. अडचण कागदावर मांडून संपादकाला विचारायची, तर आधी लिहिता यायला हवं. बायकांना लिहितं करण्याचं काम बापानं केलं आणि विचारायची जागा मुलानं उघडली.

संशयी : ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला भीती वाटते. ही जोडणी आपण शंभर वर्षांनी, निवांत बसून करतोय. त्यांना ती सोय नव्हती. आपण गप्प बसलो तर पुढे मुलगा बोलेल, असा भरवसा 1896 साली अण्णांना कुठला असायला? र. धों. तेव्हा चौदा वर्षांचे होते. आणि वडिलांच्या संस्थेत राहून र. धों.ना ते मासिक काढता आलं असतं का? नसतं, हे तुम्हीही जाणता. इतिहासानं दोघांची बेरीज केली म्हणून तुम्हाला आज सूट मिळत नाही. 'मी गप्प बसतो, कुणीतरी दुसरा बोलेल' असं प्रत्येक सचिवानं म्हटलं तर तो दुसरा यायचा कुठून?

आगरकरांनी यातून एक वाट काढली होती. बोलताना योग्य ते सगळं बोलायचं, करताना शक्य तेवढंच करायचं. ही वाट मला फार वर्षं पुरेशी वाटली. पण आगरकरांच्या हातात 'सुधारक' पत्र होतं, वसतिगृह नव्हतं. लिहिणाऱ्याला बोलणं आणि करणं वेगळं ठेवता येतं. तुमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं बोलणं हेच करणं असतं. तुम्ही एक वाक्य बोललात की पालक दारात उभे.

आस्थावान : म्हणजे शेवटी तुमच्याकडेही उत्तर नाही.

संशयी : उत्तर नाही. पण कुणाला विचारायचं ते कळलंय. तुम्ही मघापासून तीन पालकांचं सांगितलंत, तरुण बाईंचं सांगितलंत, स्वतःचं सांगितलंत. मुलींना विचारलंत का? अण्णांनी मुलींच्या बापांचं मन ओळखलं, र. धों.नी विवेकाचा कौल घेतला. दोघंही थोर, आणि दोघांनीही पुष्कळसं ठरवलं ते तिच्या वतीनं. र. धों.च्या बाजूनं एवढं मात्र मी म्हणेन, की त्यांच्या मासिकात तिला उलट पत्र लिहिता येत होतं. तुमच्या बैठकीत तेवढी तरी जागा आहे का? गप्प राहायचं की बोलायचं हा पुढचा प्रश्न झाला. ज्यांच्या नावानं आपण गप्प बसतो, त्यांना उठून 'आमच्या नावानं बसू नका' म्हणता येतं का, हे आधी बघा.

आस्थावान : विचारतो. आणि मुलीच म्हणाल्या की सर, नको, घरी कळलं तर आमची शाळा सुटेल?

संशयी : तर गप्प बसा. पण तो निर्णय त्यांनी घेतलेला असेल, आणि पुढच्या वर्षी त्यांना तो बदलताही येईल. अण्णांच्या आश्रमातल्या मुलींच्या हाती तेवढं नव्हतं.

आस्थावान : आणि साठांपैकी पन्नास जणी नको म्हणाल्या, दहा जणींनी हवं म्हटलं, आणि त्या दहांतल्या एकीला ते कळण्याची गरज खरोखर आजच असली तर? मतं मोजून मी तिला सांगू, की तुझं पुढच्या वर्षी बघू? आणि तिच्या एकटीसाठी शिकवलं, तर पन्नास जणींचा शब्द मोडून मी पुन्हा त्यांच्या वतीनंच ठरवलं, असं नाही का होत?

संशयी : होतं. त्या एकीला बाजूला बोलावून सगळं सांगणारी बाई तुमच्या संस्थेत असायला हवी, एवढं मी म्हणेन. लगेच तुम्ही विचाराल की हे पालकांना कळलं तर त्या बाईंच्या पाठीशी सचिव म्हणून उभा राहू का. राहिलात तर ते तीन पालक पुन्हा दारात. नाही राहिलात, तर मुलींना विचारण्याचा सगळा खटाटोप देखावा ठरेल. तिथे मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, कारण ती खुर्ची माझी नाही.

आस्थावान : बैठक सोमवारी आहे. तुम्ही काही सांगणार नसाल तर निदान एवढं करा. बैठकीला या, आणि हे सगळं त्या तरुण बाईंच्या समोर बोला. निर्णय काहीही झाला, तरी त्याची झळ सगळ्यांत आधी त्यांना लागणार आहे, आणि मघापासून आपण दोघं त्यांच्याही वतीनंच बोलतो आहोत.